तृप्तीच्या मांडीवरचं पिल्लू

देवळाली कॅम्पापासून भगूरपर्यंत कुणाच्याही घरची कुत्री गाभण राहिली, की डॉक्टरच्या आधी झुंबरबाईला निरोप जायचा. ती काही शिकली-सवरलेली नव्हती. चौथीपर्यंत शाळेत गेली, तेही मास्तर घरी बोलवायला यायचे म्हणून. नवरा लष्करी साहेबांच्या बंगल्यांवर माळीकाम करायचा, ही भांडी घासायची. एकदा एका साहेबांची कुत्री अडली. मेमसाहेब रडत बसल्या, साहेब फोन फिरवत बसले, आणि परसातली झुंबरबाई हात धुऊन आत गेली. माहेरी गाई-म्हशी विताना बघितल्या होत्या, त्याहून ह्यात वेगळं ते काय असणार, असा तिचा हिशेब. सगळी पिल्लं जिवंत निघाली आणि तिचं नाव झालं.

तिची एक खास रीत होती. ती ऐकताना नवखा माणूस हातातला चहा खाली ठेवायचा. पिल्लू निपचित आलं की ते ओंजळीत उलटं धरून झटकायचं, आणि तरी त्यानं श्वास घेतला नाही तर त्याचं नाक-तोंड सरळ आपल्या तोंडात घेऊन आतलं पाणी ओढून थुंकायचं. कुणी तोंड वाकडं केलं की ती म्हणायची, "स्वतःचं लेकरू असतं तर घाण वाटली असती का?" हातमोजे तिला कुणीतरी भेट दिले होते, ते ती मिरच्या कुटताना घालायची.

नवरा गेला, एकुलती मुलगी तृप्ती लग्न होऊन मालेगावला गेली, आणि दोन खोल्यांत झुंबरबाईच्या सोबतीला राहिली ती शेरी. बदली होऊन गेलेल्या एका साहेबांनी जाताना दिलेली, सायीच्या रंगाची लॅब्रॅडोर. लष्कराच्या रेंजवर सरावाच्या तोफा सुरू झाल्या की गल्लीतली बाकी कुत्री खाटांखाली शिरायची, शेरी नुसता कान हलवून पुन्हा झोपायची. अधूनमधून तिला भगूरच्या धनराजचा मेजर नावाचा नर दाखवला जायचा. कुत्री पाळणाऱ्या ह्या लोकांत नराचे पैसे घेत नाहीत. पिल्लं झाली की त्यातलं पहिलं, सगळ्यांत सरस पिल्लू नरवाल्यानं निवडून न्यायचं, असा रिवाज.

दुसराही एक रिवाज होता. तो कुणी बोलून दाखवत नसे, पण पाळायचे सगळे. कुत्री गाभडली, म्हणजे दिवस भरायच्या आत पिल्लं टाकली, तर ती गोष्ट घराबाहेर जाऊ द्यायची नाही. बोभाटा झाला तर त्या घरची पिल्लं कुणी घेत नाही आणि त्या नराकडे कुणी फिरकत नाही. पिल्लं गुपचूप पुरायची, नरवाल्यानं पुढच्या खेपेला पहिल्या पिल्लावरचा हक्क सोडून पुन्हा नर दाखवायचा, आणि दोघांनीही तोंडाला कुलूप लावायचं.

त्या थंडीत तृप्ती बाळंतपणाला माहेरी आली. आधी एकदा तिचं पोट पडलं होतं. त्यानंतर ती कितीतरी दिवस फोनवरही धड बोलली नव्हती. म्हणून ह्या वेळी सातवा संपताच झुंबरबाई स्वतः मालेगावला जाऊन तिला घेऊन आली, आणि गाडीत खिडकीजवळ बसवण्यावरून एका धडधाकट माणसाशी भांडली. इकडे शेरीही गाभण होती. दुपारी दोघी ओट्यावर उन्हाला बसायच्या. झुंबरबाई आतून बघायची आणि म्हणायची, "एकीला उठायला हात दिला की दुसरी पण माझ्या तोंडाकडं बघती." त्या दिवसांत ती फार सुखात होती.

शेरीला कळा सुरू झाल्या तेव्हाच झुंबरबाईचा चेहरा उतरला, कारण दिवस भरायला अजून अवकाश होता. दुपारची वेळ होती, लांब रेंजवर तोफांचे आवाज येत होते. एकापाठोपाठ एक मेलेलीच पिल्लं आली. शेवटचं मात्र हातात किंचित हललं. झुंबरबाईने ते झटकलं, त्याचं नाक तोंडात घेतलं, ओढलं, थुंकलं, पुन्हा ओढलं. पिल्लानं बारीकसा आवाज काढला. शेरीची वार अजून पडायची होती, हात तर दोनच. तिनं हाक मारली.

"तृपे, इकडं ये. हे धर. पोटाशी धर, ऊब लागू दे त्याला."

तृप्ती भिंतीला टेकून उन्हात बसली. ओलंचिंब पिल्लू तिनं मांडीवर घेतलं, ओढणीनं पुसलं, दोन्ही हातांनी पोटाशी धरलं. ते जगणार असंच दोघींना वाटत होतं. ओट्यावरचं ऊन सरलं तसं पिल्लूही थंड पडलं, आणि तृप्ती अशी रडली की झुंबरबाईला कुणाकुणाला सावरावं ते कळेना. सगळी पिल्लं तिनं परसातल्या शेवग्याखाली पुरली. धनराजला तेवढं हळूच कळवलं. तो म्हणाला, "थंडीनं झालं असंल काकू, पुढच्या बारीला बघू," आणि विषय संपला.

शेरी खात नव्हती. तृप्तीही गप्प होती. झुंबरबाईनेच सुचवलं, "तुझ्या खाटेपाशी निजू दे तिला. दोघींना बरं वाटंल." तसं शेरी तिथं निजू लागली, आणि तृप्ती तिचं डोकं मांडीवर घेऊन कुरवाळत बसू लागली.

पुढे झुंबरबाईला संध्याकाळी कसकस वाटू लागली. सकाळी बरं, दिवेलागणीला अंगात ताप, रात्री घामानं चोळी ओली. कंबर तर अशी धरायची की उठताना भिंतीचा आधार लागे. वयाला आणि थंडीला दोष देऊन ती तापाची गोळी घ्यायची. शेरीचं अंगावरून जाणं मात्र थांबत नव्हतं, बसेल तिथं डाग. म्हणून एके सकाळी तिला घेऊन ती लॅम रोडवर चैतालीच्या दवाखान्यात गेली. चैताली जनावरांची डॉक्टर, वयानं तृप्तीएवढीच. तिनं शेरीला तपासलं, रक्त घेतलं, आणि विचारलं, "मावशी, आणखी कुणाची कुत्री गाभडली का इतक्यात?"

"नाय बाई, मला काय म्हाईत," झुंबरबाई म्हणाली. तिनं खरोखरच कुणाचं ऐकलेलं नव्हतं. ऐकणार कुठून?

काही दिवसांनी चैतालीचा फोन आला. एकट्याच या म्हणाली. झुंबरबाई गेली तेव्हा तिनं आधी दार लोटून घेतलं.

"शेरीला ब्रुसेला झालाय, मावशी."

"तो तर गाईंचा ना? गाभडणाऱ्या गाईंचा?"

"त्याचाच भाऊ म्हणा. हा कुत्र्यांतला. नराकडून मादीला होतो, आणि गाभडल्यावर जे पाणी जातं, वार पडते, त्यात जंतू खच्चून भरलेले असतात. वरून कळत नाही. कुत्रं खातं, पितं, खेळतं." तिनं रिपोर्टचा कागद पुढे सरकवला. "तो माणसालाही होऊ शकतो. दरवेळी होतो असं नाही, पण होतो. ताप येत-जात राहतो, सांधे, कंबर धरते. तुम्ही हात लावला होता का?"

झुंबरबाईच्या जिभेवर त्या पिल्लाच्या नाकातलं खारट पाणी पुन्हा आलं.

"आणि घरात कुणी गरोदर आहे का?"

"नाय," ती म्हणाली.

हे उत्तर तिनं दिलं नाही, ते तिच्या तोंडून निघून गेलं. इतकी वर्षं जे लपवायचं ते लपवत आलेली जीभ आपल्या सवयीनं वळली. ती बाहेर आली. लॅम रोडच्या कडेला एका बंद दुकानाच्या पायरीवर ती बसून राहिली. ते पिल्लू तिनं स्वतःच्या हातानं लेकीच्या मांडीवर ठेवलं होतं. पोटाशी धर म्हणून सांगितलं होतं. शेरीला तिच्या खाटेपाशी कुणी निजवलं? तेही आपणच. परत जाऊन डॉक्टरला खरं सांगावं असं तिला वाटलं, पण खरं सांगितलं की ते खरं होईल, असं काहीतरी वेडंवाकडं तिच्या मनात बसलं आणि ती घरी आली.

घरी तृप्ती ओट्यावर बसली होती, मांडीवर शेरीचं डोकं.

"ऊठ! सोड तिला! सोड म्हणते ना!"

ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की शेरी कोपऱ्यात जाऊन बसली आणि तृप्तीनं घाबरून पोटावर हात धरला. "काय झालं गं आई?" तिनं विचारलं. "तिच्या अंगावर गोचिड्या हायेत," ती म्हणाली.

त्यानंतर तिनं जे आरंभलं ते बघून कुणालाही वाटलं असतं, बाईचं डोकं फिरलं. शेरीला परसात बांधलं. सगळ्या घराला ब्लीचिंग पावडरचा हात दिला, एकदा झाला तरी पुन्हा दिला. गोधड्या उकळत्या पाण्यात घातल्या. तृप्तीची ती ओढणी जाळली. स्वयंपाक करताना तोंडाला फडकं, स्वतःचं ताट-वाटी वेगळी, आणि लेकीपासून चार हात लांब. तृप्ती विचारून थकली. संध्याकाळी ताप चढला की झुंबरबाई भिंतीकडे तोंड करून पडायची आणि दर खेपेला लेकीच्या अंगाकडे चोरून बघायची. हिलाही ताप आला तर? कपाळाला हात लावून बघायचीही तिची छाती होत नव्हती. इतकी ती आयुष्यात कधी भ्याली नव्हती, नवरा दवाखान्यात होता तेव्हाही नाही.

मग एका सकाळी तृप्ती चहा तसाच ठेवून म्हणाली, "आई, बाळ काल संध्याकाळपासून हललं नाही गं."

चप्पल कुठल्या पायात कुठली ते न बघता झुंबरबाई रस्त्यावर धावली आणि रिक्षा घेऊन आली. नाशिकरोडचा रस्ता तिला कधी एवढा लांब वाटला नव्हता. तृप्ती डोळे मिटून बसली होती, आईचा हात तिनं घट्ट धरला होता, आणि तो हात हातात असतानाच झुंबरबाईने सगळं सांगितलं. शेरीचा रोग, गाभडणं, पिल्लू, चैतालीनं काय विचारलं आणि आपण काय उत्तर दिलं तेही.

"तुला कधी कळलं?" तृप्तीनं विचारलं.

"झाले काही दिवस."

"आणि तू मला गोचिड्या सांगितल्यास."

तृप्तीनं हात काढून घेतला. पुढचा सगळा रस्ता ती बाहेर बघत राहिली.

दवाखान्यात डॉक्टर बाईंनी तृप्तीला निजवून पोटावर यंत्र फिरवलं. आधी नुसती खरखर. झुंबरबाई दाराशी उभी होती, आत यायला धजत नव्हती. खरखर चालूच. बाईंनी यंत्र जरा खाली सरकवलं, आणि मग आला आवाज, भरभर, धडधड, कुणीतरी पळत यावं तसा. झुंबरबाई मटकन खालीच बसली. "बाळ झोपलंय तुमचं," बाई म्हणाल्या, "काही खाल्लंय का हिनं?" आणि त्या हसल्या. पण झुंबरबाई हसली नाही. ती उठली आणि दारातूनच सगळं बोलली, काही राखलं नाही. पिल्लाचं नाक तोंडात घेतलं हे ऐकताना नर्सनं तोंड फिरवलं, तरी ती थांबली नाही.

बाईंनी दोघींचं रक्त घेतलं. म्हणाल्या, हा जंतू नेहमीच्या तपासणीत सापडत नाही, रक्त ठेवून त्यात वाढतो का ते बघावं लागतं, त्याला वेळ लागेल. तोवर रोज ताप बघायचा. तृप्तीला ताप नाही, हे चांगलंच आहे. पण नक्की असं काहीच आत्ता सांगता येणार नाही.

तृप्तीनं तिथूनच नवऱ्याला, दीपकला, फोन लावला. संध्याकाळच्या आत तो तिला न्यायला घरी आला. झुंबरबाईने बॅग भरून दारात ठेवली. बाळंतपणाला आणलेली लेक तशीच परत चालली होती, आणि अडवायला तिला तोंड नव्हतं. निघताना तृप्ती तिच्या पाया पडली नाही. झुंबरबाई म्हणाली, "ताप बघत जा गं," तर तिनं नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवशी झुंबरबाई भगूरला धनराजकडे गेली. त्यानं आधी कानांवर हात ठेवले. मेजर एकदम ठणठणीत हाय, बघा, असं म्हणून त्याला पुढे उभा केला. झुंबरबाई म्हणाली, "माझी लेक पोटुशी हाय धनराज. खरं सांग." तेव्हा त्याचा आवाज खाली आला. त्याच्या स्वतःच्या दोन कुत्र्या गेल्या पावसाळ्यात गाभडल्या होत्या. विहितगावची एक, कॅम्पातली एक, त्याही.

"मंग मला का नाय बोलला?"

"तुमी तरी कुणाला बोलल्या काकू?"

शेरी गाभडल्यावर तिनंही शेवग्याखालची माती थापटून सारखी केली होती आणि शेजारणीला पिल्लं विकली म्हणून सांगितलं होतं.

त्या दिवसापासून झुंबरबाई घरोघर फिरू लागली. कंबर धरलेली, काठी टेकत. जिथं जिथं तिनं कुत्र्यांची बाळंतपणं केली होती त्या प्रत्येक दारात उभी राहून ती म्हणायची, "माझी कुत्री गाभडली. तिला रोग निघाला, तो माणसाला लागतो. तुमची तपासून घ्या. घरात पोटुशी बाई असंल तर लांब ठेवा." काहींनी पाणी दिलं, काहींनी दार लावलं. एकानं तर धंदा बुडवायला निघाली म्हणून शिव्या घातल्या. धनराज पंधरवडाभर तिच्याशी बोलला नाही, पण मेजरला घेऊन चैतालीकडे गेला. शेरीची पिशवी चैतालीनं काढली, औषधं चालू केली, आणि बजावलं की जंतू अंगात दबा धरून राहू शकतो, तिला कुत्र्यांत आणि लहान मुलांत आता सोडायचं नाही. परसात जाळी ठोकून झुंबरबाईने तिला जागा केली. शेरी जाळीला नाक लावून घराकडे बघत बसायची.

रक्ताचे निकाल आले. झुंबरबाईच्या रक्तात जंतू वाढला होता. तृप्तीच्या रक्तात काही निघालं नाही. पण बाई म्हणाल्या, पुन्हा बघू, आणि त्या 'पुन्हा'नं झुंबरबाईची झोप उडाली. दोन-दोन प्रकारच्या गोळ्या तिला महिन्याच्या वर घ्यायच्या होत्या. त्या घेतल्या की मळमळायचं, लाल लघवी व्हायची, तरी एक चुकवली नाही. रोज संध्याकाळी ती मालेगावला फोन लावायची. उचलायचा दीपक. "ताप नाही, आई," एवढंच सांगायचा. एकदा मागून तृप्तीचा आवाज आला, "शेरी कशीये विचार." त्या तीन शब्दांवर झुंबरबाई दोन दिवस जगली.

तृप्ती मालेगावला बाळंत झाली. मुलगी झाली, रडत आली, वजनाची भरली. पुन्हा घेतलेल्या रक्तातही काही निघालं नाही. दीपकनं सांगितलं तेव्हा झुंबरबाई फोन कानाला तसाच धरून परसात गेली आणि जाळीपाशी बसून शेरीला म्हणाली, "पोरगी झाली गं आपल्याला." पण जायला मात्र ती निघेना. गोळ्या संपायच्यात, म्हणायची. गोळ्या संपल्या. मग बाईंनी पुन्हा तपासून सांगितलं की आता तुमच्या रक्तात काही नाही, आणि माणसाकडून माणसाला हा सहसा लागतही नाही. तरी ती म्हणायची, "बघू पुढच्या आठवड्यात." आपल्या हातांची तिला दहशत बसली होती. स्वयंपाक करताना, देवाला फूल वाहताना ती त्यांच्याकडे बघायची.

शेवटी तृप्तीचा स्वतःचा फोन आला. "बारशाला तू नसलीस तर मी बारसं करणार नाही," एवढं बोलून तिनं ठेवून दिला.

झुंबरबाई मालेगावला पोचली ती दुपारी. बाहेर मोरीत तिनं हात धुतले, साबण लावून, कोपरापर्यंत. खोलीच्या दारापर्यंत आली, उभी राहिली, आणि मागे फिरून पुन्हा धुऊन आली. आत खिडकीतून ऊन पडलं होतं. तृप्ती खाटेवर भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर दुपट्यात गुंडाळलेली मुलगी.

"ये ना."

"लांबूनच बघते गं. बघितली. बास झालं."

"हात धुतलेस?"

"धुतले. दोनदा."

"मग काय राहिलं?"

झुंबरबाई दाराची चौकट धरून उभी होती. तृप्ती उठली, अंग अजून दुखत असल्यानं सावकाश उठली, चालत दारापर्यंत आली आणि तिनं मुलगी आईच्या हातांत ठेवली.

"धर, आई," ती म्हणाली. "पोटाशी धर, ऊब लागू दे तिला."

झुंबरबाईने श्वास रोखला, पोरीच्या तोंडावर आपला श्वास जाऊ नये म्हणून मान एका बाजूला वळवली, आणि तिला पोटाशी धरलं.